सनद, साखळी आणि सारा: मेरीलँडचा वकील डॅनियल ड्युलेनी

१७०३ साली आयर्लंडहून निघालेलं एक जहाज मेरीलँड या उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीच्या पोर्ट टोबॅको बंदराला लागलं. त्यावर ड्युलेनी आडनावाचे तीन भाऊ होते. प्रवासाचे पैसे देण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे श्रम विकले गेले. कप्तान असा करार किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला विकून भाडं वसूल करी आणि प्रवाशाला ठरलेली वर्षं राबावं लागे. बहुतेकांच्या वाट्याला तंबाखूचं शेत येई. अठरा वर्षांच्या डॅनियलचा करार मात्र जॉर्ज प्लेटर नावाच्या वकिलाने घेतला, कारण त्याला शेतमजुरापेक्षा लिहितावाचता कारकून हवा होता.

वसाहतीच्या राजकारणातला वकील-जमीनदार हा माणूस कसा घडायचा हे समजून घ्यायचं असेल, तर मला ड्युलेनीइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. वॉशिंग्टन, जेफरसन ही मंडळी जन्मली तेव्हाच घरात जमीन होती. याच्याकडे कराराच्या कागदाखेरीज काहीच नव्हतं, आणि पुढचं सगळं त्याने कागदाच्या जोरावरच उभं केलं.

कारकुनाचं काम म्हणजे नकला. कर्जरोखे, खरेदीखतं, समन्स, दाव्याचे अर्ज हे सगळं हाताने लिहायचं. त्या काळी तिथे कायद्याचं कॉलेज नव्हतं. वकिलाच्या कचेरीत नकला करत शिकायचं आणि मग कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टापुढे उभं राहून परवानगी मागायची, हाच शिक्षणक्रम होता. १७०९मध्ये चार्ल्स कौंटीच्या कोर्टाने ड्युलेनीला वकिलीची मुभा दिली. १७१७मध्ये लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत त्याने नाव दाखल केलं. तिथे तो फार काळ राहिला नाही, पण इंग्लंडच्या इनचं नाव मागे लागलं की वसाहतीत फी वाढे आणि मोठी कोर्टं उघडत. १७२०च्या सुमारास तो राजधानी अ‍ॅनापोलिसला आला, आणि १७२२मध्ये विधानसभेच्या खालच्या सभागृहात निवडून गेला.

आता जमिनीकडे येतो, कारण ती व्यवस्था कळल्याशिवाय या माणसाचं राजकारण कळत नाही.

१६३२च्या राजसनदेने अख्खं मेरीलँड कॅल्व्हर्ट घराण्याला, म्हणजे लॉर्ड बाल्टिमोरला मिळालं होतं. शेतकरी जमिनीचा धनी असला तरी ती त्याने लॉर्डकडून धरलेली असे आणि दर वर्षी सारा भरावा लागे. सर्वसाधारण दर १०० एकरांना ४ शिलिंग. सुरुवातीला वसाहतीत आणलेल्या माणसामागे ठरावीक एकर जमीन मिळे. ती पद्धत १६८३मध्ये बंद झाली आणि त्यानंतर नवी जमीन हवी तर आगाऊ रक्कम भरणं आलं. ड्युलेनीच्या उमेदीच्या काळात हा दर १०० एकरांना ४० शिलिंग होता, १७३८मध्ये तो ५ पौंड झाला. म्हणजे २०० एकर घेणाऱ्याला आधी ४ पौंड लागत, नंतर १० पौंड, आणि शिवाय दर वर्षी ८ शिलिंग सारा. यात मोजणीदाराची, कारकुनाची आणि मोहोर लावण्याची फी धरलेली नाही. ती वेगळी.

जमीन मिळवण्याची वाट अशी होती. आधी अ‍ॅनापोलिसच्या जमीन कचेरीत पैसे भरून मोजणीचा हुकूम घ्यायचा. तो कौंटीच्या मोजणीदाराला द्यायचा. मोजणीदार जागेवर जाऊन मोजणी करी आणि दाखला लिहून देई. राजधानीत तपासनीस त्यातलं गणित तपासून बघे. पैसे पूर्ण चुकते झाले असतील तर मोठी मोहोर लागून सनद निघे. शेवटी त्या जमिनीची नोंद साऱ्याच्या वहीत होई. हुकुमाला मुदत असे. ती टळली, नूतनीकरण राहिलं, किंवा दाखला झाल्यावर सनद काढायचं कुणी लांबवलं, तर दुसरा माणूस येऊन तीच जमीन मागू शके. जंगल तोडून, घर बांधून बसलेला शेतकरी सनदेअभावी बाहेर पडल्याची प्रकरणं अशीच होत. शेतकरी अडाणी म्हणून हे होत नसे. राजधानी लांब, फी रोखीने किंवा तंबाखूत, आणि एका वर्षाचं पीक बुडालं की सनद पुढच्या वर्षावर जाई.

हुकुमांचे प्रकारही होते. साधा हुकूम म्हणजे मोकळी जमीन दिसेल तिथे इतके एकर. खास हुकूम म्हणजे अमुक ओढ्याच्या अमुक काठावरचीच. फेरमोजणीचा हुकूम म्हणजे आपलीच जुनी जमीन पुन्हा मोजून घ्यायची, चुका दुरुस्त करायच्या आणि लगतची मोकळी पट्टी पदरात पाडून घ्यायची. आणि बेवारस जमिनीचा हुकूम: धनी वारसाशिवाय मेला की जमीन लॉर्डकडे परत जाई, आणि ही गोष्ट जो कचेरीच्या नजरेस आणून देई त्याला ती किमतीच्या दोन तृतीयांशात मिळे. या चारांतले शेवटचे दोन वकिलाच्या हातात सोन्याची खाण होते, कारण कुठल्या दाखल्यात जास्तीची जमीन दडली आहे आणि कुणाला वारस नाही, हे त्याला अशिलांच्याच कागदांतून कळे.

प्रत्यक्ष मोजणी कशी होई ते जरा बारकाईने बघू. मोजणीदाराकडे होकायंत्र, सोबत साखळी धरणारे दोघे, आणि झाडांवर खुणा करायला कुऱ्हाडवाला. माप पर्चमध्ये, एक पर्च साडेसोळा फूट. गुंटरची साखळी चार पर्चची, म्हणजे ६६ फूट. १६० चौरस पर्चचा एक एकर. आपल्याकडचा गुंठा याच इंग्रजी मापातून आलेला आहे: ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे दोन पर्च बाय दोन पर्च, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणून मेरीलँडचा जुना दाखला हातात घेतला तर आपल्याला आकडे परके वाटत नाहीत. चौरस पर्चच्या आकड्याला चाराने भागलं की गुंठे निघतात.

दाखल्याची सुरुवात एका झाडापासून होई. अमुक नदीच्या काठी खूण केलेला पांढरा ओक, तिथून उत्तरेकडून ४० अंश पूर्वेला १२० पर्च, मग दुसरी दिशा, दुसरं अंतर, आणि शेवटी ‘तिथून थेट रेषेने सुरुवातीच्या झाडापर्यंत’. या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. तिला बहुधा दिशाही नसे आणि अंतरही नसे. आधीच्या सगळ्या रेषांमध्ये झालेली चूक त्या एका ओळीत पोटात घातली जाई. कागदावर आकृती नेहमी बंद होई, जमिनीवर होतेच असं नाही.

चुका कुठून येत? साखळी उतारावर धरली की अंतर जास्त भरे आणि सपाटीवरचं खरं क्षेत्र कमी निघे. झुडपांतून नेताना ती सरळ राहत नसे. साखळी मोजणारा एखादी खेप विसरे. पण सगळ्यात मोठा घोळ होकायंत्राचा. सुई चुंबकीय उत्तर दाखवते, आणि चुंबकीय उत्तर वर्षानुवर्षं सरकत असते. चाळीस वर्षांनी नातवाने दाखल्यातलाच अंश लावून तीच रेषा पुन्हा चालवली, तर ती जुन्या झाडाला लागत नाही. फरक फक्त एका अंशाचा धरला तरी एक मैलाच्या, म्हणजे ३२० पर्चच्या रेषेच्या टोकाला ९२ फूट चुकतात. त्या पाचरीत साडेपाच एकरांहून जास्त जमीन बसते. आणि तोवर ओक वठलेला, पडलेला किंवा कुणीतरी मुद्दाम तोडलेला असतो.

मग कोर्ट जमिनीवर आयोग पाठवी. म्हातारी माणसं शपथेवर सांगत, की तीस वर्षांपूर्वी अमक्याने मला हा बुंधा दाखवून हीच सुरुवातीची खूण असं सांगितलं होतं. अशा जबान्यांवर शेकडो एकरांचा निकाल लागे. दोन सनदा एकमेकींवर चढल्या, तर साधारणपणे जुनी सनद वरचढ ठरे. खूण आणि अंतर यांचा मेळ बसत नसेल, तर सापडलेली खूण धरायची की कागदावरचा आकडा, यावर वकिलांची अर्धी कमाई चाले. ड्युलेनीचं नाव झालं ते याच कामावर, आणि जोडीला कर्जवसुलीच्या दाव्यांवर. हातात रोकड आली की तो ती व्याजाने लावी, तारण म्हणून जमीन घेई. तंबाखूचा भाव पडला की गहाण जमिनी सावकाराकडे येत. कोर्टाबाहेरून बघणाऱ्याला यात दुष्टपणा दिसेल. सगळी वसाहत याच रीतीने चालत होती आणि तो त्या रीतीत तरबेज होता, एवढंच मी म्हणेन.

त्याचं मोठं राजकीय काम १७२०च्या दशकातलं आहे. प्रश्न असा होता: इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेले कायदे मेरीलँडच्या माणसाला आपोआप लागू होतात का? लॉर्ड बाल्टिमोरचं म्हणणं होतं, आपोआप नाही. खालचं सभागृह म्हणत होतं, होतात, आणि न्यायाधीशांच्या शपथेतच तसं लिहा. वरवर हा वाद पुस्तकी वाटतो. पण बेकायदा अटकेतून सुटका मागण्याचा हक्क, दाव्यांची मुदत, जमिनीचा व्यवहार लेखी असण्याची सक्ती हे सगळं इंग्लंडच्या कायद्यांतून येत होतं. ते लागू नसतील, तर कुठला कायदा मानायचा आणि कुठला सोडायचा हे लॉर्डने नेमलेला न्यायाधीश ठरवणार. ज्याच्याकडून जमीन धरली त्याच्याच माणसाच्या मर्जीवर जमिनीचा हक्क लटकणार.

१७२८मध्ये ड्युलेनीने या विषयावर एक पुस्तिका लिहिली. अ‍ॅनापोलिसच्या विल्यम पार्क्सने ती छापली. युक्तिवाद थोडक्यात असा: जिंकलेल्या मुलखाला विजेत्याचा कायदा विजेत्याच्या इच्छेने मिळतो, पण मेरीलँड इंग्रजांनी वसवलेलं आहे, आणि इंग्रज माणूस समुद्र ओलांडताना आपले हक्क मागे ठेवून येत नाही. १६३२ची सनदसुद्धा वसाहतीत जन्मलेल्यांना इंग्लंडच्या प्रजेचे हक्क देते. यात एक मोठी पोकळी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. ही जमीन आधी पिस्कॅटवे, नँटिकोक अशा मूळनिवासी लोकांची होती. ‘वसवलेली’ म्हणण्यासाठी त्यांना हिशेबातून वगळावं लागतं, आणि पुस्तिकेचा सगळा डोलारा त्या वगळण्यावर उभा आहे. तरीही खालच्या सभागृहाच्या हातात आलेलं ते पहिलं धारदार शस्त्र होतं. शपथेचा वाद शेवटी १७३२मध्ये तडजोडीने मिटला.

त्याच वर्षअखेरीला पाचवा लॉर्ड बाल्टिमोर, चार्ल्स कॅल्व्हर्ट, स्वतः मेरीलँडला आला. साऱ्याच्या जागी १७१७पासून निर्यात तंबाखूच्या पिंपामागे २ शिलिंग जकात घेण्याची व्यवस्था होती. ती त्याला परवडत नव्हती, त्याला थेट वसुली हवी होती. ती करायला जमिनीचा कागद न् कागद ओळखणारा माणूस हवा, आणि असा माणूस विरोधी बाकावर बसला होता. ड्युलेनीला लॉर्डचा एजंट आणि मुख्य वसुली अधिकारी नेमलं गेलं. अ‍ॅटर्नी जनरलचं पद, सागरी कोर्टाचं न्यायाधीशपद, मृत्युपत्रांच्या कचेरीचं प्रमुखपद हीही त्याच्याकडे आली. १७४२मध्ये तो गव्हर्नरच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात गेला आणि मरेपर्यंत तिथे राहिला.

त्याला फितूर म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या मुद्द्यावर तो लढला त्यात तडजोड आधीच झाली होती, आणि पदं नाकारली असती तर वसुली एखाद्या कमी जाणकार आणि जास्त हावरट माणसाकडे गेली असती. पण जमीन विकणाऱ्या कचेरीचा कारभार हाकणारा माणूस स्वतःही जमिनी घेत होता, ही गोष्ट कुठल्याही युक्तिवादाने धुतली जात नाही. कुठली जमीन मोकळी आहे, कुणाची मुदत संपतेय, कुठे रस्ता जाणार, हे त्याला इतरांच्या आधी कळत होतं.

याच काळात नवीन साऱ्याच्या खातेवह्या सुरू झाल्या, आणि त्यांची रचना आपल्या वाचकाला चटकन समजेल. जुन्या साऱ्याच्या वह्या जमिनीच्या तुकड्यांप्रमाणे लावलेल्या होत्या, नव्या खातेवह्या माणसांप्रमाणे. एकीत जमीन शोधा आणि धनी सापडेल, दुसरीत माणूस शोधा आणि त्याच्या सगळ्या जमिनी सापडतील. आपल्या सातबारा आणि आठ-अ यांच्यासारखंच. खातेवही नसताना तीन कौंटींत जमिनी असलेला माणूस एका ठिकाणचा सारा बिनदिक्कत बुडवू शकत होता.

जमिनीखेरीज लोखंडात त्याने पैसे घातले. १७३१मध्ये पाच भागीदारांनी ३,५०० पौंड भांडवलावर बाल्टिमोर कंपनी काढली: ड्युलेनी, बेंजामिन टास्कर आणि कॅरल घराण्यांतले तिघे. भट्टी पटॅप्स्को नदीजवळ ग्विन्स फॉल्सवर. कच्चं लोखंड इंग्लंडला जाई. कोळशासाठी जंगल तोडणं, खनिज खणणं, भट्टी पेटती ठेवणं ही कामं गुलाम, करारबद्ध नोकर आणि इंग्लंडहून पाठवलेले कैदी करत. स्वतः करारावर विकला गेलेला ड्युलेनी पुढे माणसं विकत घेणारा झाला. त्याच्या श्रीमंतीचा हिशेब लिहिताना ही बाजू वगळता येत नाही.

आता फ्रेडरिक. मोनोकसी नदीच्या खोऱ्यात ‘टास्कर्स चान्स’ नावाचा ७,००० एकरांचा तुकडा होता. मेरीलँडमध्ये प्रत्येक सनदेला नाव देत आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चाले. मूळ सनद टास्करची, १७२७ची. ४ शिलिंगांच्या दराने या तुकड्याचा सारा वर्षाला १४ पौंड होतो, म्हणजे पडीक ठेवून भागत नाही. १७४४मध्ये ड्युलेनीने तो २,००० पौंडांना घेतला, एकरी पावणेसहा शिलिंगांच्या आसपास. पुढच्याच वर्षी त्यात शहराचे प्लॉट पाडले. पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाच्या खोऱ्यांकडे जाणारी जर्मन शेतकऱ्यांची वाट इथूनच जात होती. त्याने या कुटुंबांना आरंभी स्वस्त भावाने शेतं दिली आणि शहरातले प्लॉट थोड्या वार्षिक भुईभाड्यावर. यामागे उदारपणा किती ते सोडा, हिशेब पक्का होता: ही माणसं तंबाखूऐवजी गहू पेरत, खत घालत, पक्की घरं बांधत, आणि त्यांच्या भोवतालच्या शिल्लक जमिनीचा भाव चढे.

पण परदेशी माणसाला जमीन विकण्यात एक कायदेशीर खड्डा होता. ब्रिटिश प्रजा नसलेल्याची जमीन त्याच्या मुलांकडे वारशाने जात नसे. तो मेला की लॉर्ड हक्क सांगू शके. उपाय पार्लमेंटच्या १७४०च्या कायद्यात होता. वसाहतीत सात वर्षं वास्तव्य हवं, त्यात एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी नको. कोर्टात येण्याआधीच्या तीन महिन्यांत प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजन घेतल्याचा दाखला हवा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या. मग सकाळी नऊ ते बारा या वेळात भर कोर्टात शपथ, आणि २ शिलिंग फी. शपथ न घेणाऱ्या क्वेकर पंथीयांना शपथेऐवजी प्रतिज्ञा चाले, ज्यूंना प्रभुभोजनाची अट नव्हती, कॅथलिकांना मात्र दार बंद. सातव्या वर्षाच्या आत माणूस मेला तर कुटुंब अधांतरी. म्हणून जाणता वकील खरेदीखताबरोबरच या तारखाही बांधून ठेवी.

कोर्ट लांब असेल तर हे सगळं अवघड. तेव्हा हा भाग प्रिन्स जॉर्जेस कौंटीत होता आणि तिचं कोर्ट ५० मैलांहून जास्त अंतरावर, अपर मार्लबरोला. १७४८मध्ये नवी फ्रेडरिक कौंटी झाली आणि कोर्ट फ्रेडरिकलाच आलं. कोर्ट आलं की वकील, खाणावळी, लोहार, बाजार सगळं मागोमाग येतं. तीन वर्षांपूर्वी पाडलेल्या प्लॉटांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

५ डिसेंबर १७५३ रोजी ड्युलेनी वारला. त्याच्या थोरल्या मुलाचं नावही डॅनियल. ईटन, केंब्रिज आणि मिडल टेंपल ही ग्रेज इनसारखीच वकिलांची संस्था, असं त्याचं शिक्षण. १७६५मध्ये स्टँप अ‍ॅक्ट या वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणाऱ्या पार्लमेंटच्या कायद्याविरुद्ध त्याने लिहिलेली पुस्तिका लंडनपर्यंत गाजली: तुमचा प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नसला तरी तुमचं प्रतिनिधित्व होतंच, हा दावा त्याने मुद्देसूद खोडून काढला. ब्रिटिश नेता विल्यम पिटने पुढल्या वर्षी पार्लमेंटमध्ये तिचा आधार घेतला. पण हा धाकटा ड्युलेनी वसाहतीचा सचिव होता आणि त्याची मिळकत सरकारी फीवर. १७७०मध्ये फीचा कायदा संपला तेव्हा गव्हर्नर एडनने जाहीरनाम्याने फी ठरवली. १७७३मध्ये मेरीलँड गॅझेटमध्ये ‘अँटिलॉन’ या नावाने ड्युलेनीने तिचं समर्थन केलं. समोर ‘फर्स्ट सिटिझन’ म्हणून उभा होता चार्ल्स कॅरल ऑफ कॅरलटन. लोकप्रतिनिधींशिवाय लावलेली फी म्हणजे करच, हा कॅरलचा मुद्दा ड्युलेनीच्या १७६५च्या पुस्तिकेतून निघाल्यासारखा होता, आणि कॅरल सरस ठरला. कॅरलचे वडील लोखंडाच्या भट्टीत थोरल्या ड्युलेनीचे भागीदार होते. अमेरिकन क्रांतीत धाकट्या ड्युलेनीने कुठलीच बाजू घेतली नाही. १७८१मध्ये घराण्याची बरीच मालमत्ता जप्त झाली. १७९७मध्ये तो बाल्टिमोरला वारला.

हे कागद आज अ‍ॅनापोलिसच्या मेरीलँड राज्य अभिलेखागारात आहेत. कुणाला वाचायचे असतील तर माणसाच्या नावाने सुरुवात करून खातेवही बघा, तिथून जमिनीचं नाव उचला, त्या नावाने साऱ्याची वही, मग सनद, आणि शेवटी मोजणीचा दाखला. दाखला आधी आणि सनद नंतर वाचली तरी चालेल, पण तारखा ताडून बघताना एक लक्षात ठेवा: १७५२पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १७२७ असं लिहिलेली सनद आपल्या हिशेबाने १७२८ची असते, आणि हे विसरलं तर सनद मोजणीच्या आधीच निघाल्यासारखी दिसते.